मासिकाच्या नकाशा विभागातील इंटर्नशिप: प्रत्यक्षात काम कोणते असते?

खारफुटी (कळवा)

नमस्कार.

मी कळव्याला राहते. यंदा भूमाहितीशास्त्रात एम. एस्सी. पूर्ण केले असून ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील खारफुटीचे क्षेत्र गेल्या तीस वर्षांत कसकसे बदलत गेले, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. त्या कामातील तीन नकाशे मी परदेशातील एका नामांकित मासिकाच्या नकाशा विभागाकडे इंटर्नशिपच्या अर्जासोबत पाठवले होते. एक चाचणी आणि दोन मुलाखती झाल्यानंतर सहा महिन्यांसाठी माझी निवड झाल्याचे पत्र गेल्या आठवड्यात आले. सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचे आहे.

या मासिकाचे जुने अंक मी आठवीत असल्यापासून स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून आणत आले. अंकात घडी घालून ठेवलेला मोठा नकाशा शाबूत असेल तर रद्दीवाले काका पाच रुपये जास्त घेत, आणि नकाशा गेलेला असेल तर अंक जवळजवळ तसाच देऊन टाकत. आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला त्यांतला एक नकाशा अजून तिथेच आहे. त्यामुळे पत्र वाचून मला काय वाटले असेल, हे येथील मंडळींना सांगायला नको. तरीही निर्णय घेण्यापूर्वी काही गोष्टी जाणकारांकडून समजून घ्याव्यात, म्हणून हा धागा काढत आहे.

विभागाच्या पत्रात कामाचे स्वरूप म्हणून संशोधन, पडताळणी आणि नकाशानिर्मितीस साहाय्य एवढेच नमूद केले आहे. उमेदवाराच्या वाट्याला यातले नेमके काय येते? नकाशा स्वतः काढायला मिळतो, की सहा महिने दुसऱ्यांच्या नकाशांतील नावे तपासण्यात जातात? मला क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर चांगले येते, उपग्रहप्रतिमांचे वर्गीकरण येते, पण छपाईसाठी नकाशा तयार करण्याचा अनुभव अजिबात नाही. उरलेल्या तीन महिन्यांत कशाची तयारी करावी?

दुसरी अडचण अशी की महापे येथील एका कंपनीत मला कायम नोकरी मिळत आहे. काम नकाशांच्या अंकीकरणाचे, म्हणजे कागदी नकाशे संगणकात उतरवण्याचे आहे, पगार बरा आहे आणि त्यांना दहा दिवसांत उत्तर हवे आहे. घरावर शैक्षणिक कर्ज आहे. आई-बाबा माझ्या इच्छेच्या आड येणार नाहीत, पण बाबांनी एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते म्हणाले, "प्रत्येकाच्या फोनवर सगळ्या जगाचा नकाशा आहे, मग मासिकाला नकाशे काढायला माणसे कशाला लागतात?"

ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नेरुळकर

मनापासून अभिनंदन. मी २०१३ साली अशाच एका मासिकाच्या नकाशा विभागात सहा महिने उमेदवारी केली. आता नेरुळला राहून पाठ्यपुस्तके आणि संशोधन संस्था यांच्यासाठी नकाशे करतो. माझा अनुभव एकाच विभागाचा आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

पहिला महिनाभर मी एकही रेघ काढली नाही. पहिल्या दिवशी माझ्यासमोर एका नदीमुखाच्या अर्ध्या पानाच्या नकाशाची छापील प्रत आणि लाल पेन्सिल ठेवली गेली. नकाशावर ४३ नावे होती. त्यांतल्या प्रत्येक नावासाठी तक्त्यात एक ओळ भरायची होती: नावाचे स्पेलिंग कोणत्या अधिकृत यादीतून घेतले, त्याला दुजोरा देणारा दुसरा स्वतंत्र स्रोत कोणता, अक्षांश-रेखांश काय, लोकसंख्या कोणत्या जनगणनेतली, आणि लेखाच्या मजकुरात तेच नाव तसेच लिहिले आहे की नाही. ओळीतल्या सगळ्या चौकटी भरल्याशिवाय नावावर बरोबरची खूण करायची नाही, असा तिथला नियम होता. संध्याकाळी सहा वाजता माझी अकरा नावे झाली होती. तेव्हा मला ते कारकुनी काम वाटले होते. आज मी तसे म्हणणार नाही, आणि त्याचे कारण माझ्याच एका चुकीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी त्या नकाशावरील एक गाव नदीच्या चुकीच्या काठावर बरोबर म्हणून मंजूर केले. नावांच्या ज्या जुन्या यादीवर मी विसंबलो होतो, तीत अक्षांश-रेखांश केवळ अंश आणि मिनिटांत दिलेले होते, सेकंद गाळलेले होते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर. आपल्या ऐरोलीचा खाडीपूल किलोमीटरभराचाच आहे. म्हणजे सेकंद गाळल्यामुळे बिंदू जेवढा सरकू शकतो, तेवढ्यात मुलुंडचा माणूस ऐरोलीत राहायला येतो. माझ्या वरिष्ठांनी ती चूक दुसऱ्या प्रुफावर पकडली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी उपग्रहप्रतिमा उघडली आणि मला त्या नदीच्या काठाकाठाने, एकेक घाट आणि एकेक वळण मोजत, बोट फिरवायला लावले. त्या दिवसापासून मी यादीतल्या आकड्याला पुरावा मानणे सोडून दिले.

पडताळणी म्हणजे टेबलावर बसून केलेले निरीक्षणच असते. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प यांना त्या काळी स्त्री म्हणून संशोधन जहाजांवर जाऊ देत नसत, म्हणून त्या कार्यालयात बसून जहाजांनी आणलेले खोलीचे आकडे कागदावर मांडत असत. त्या मांडणीतूनच १९५२ च्या सुमारास त्यांना अटलांटिकच्या मध्यभागी असलेल्या पर्वतरांगेतली खचदरी दिसली, आणि त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी ती आधी उडवून लावली होती. पुढे थार्प आणि हीझन यांच्या कामावरून चित्रकार हाइनरिश बेरान यांनी रंगवलेला हिंदी महासागराच्या तळाचा नकाशा नॅशनल जिओग्राफिकने १९६७ मध्ये अंकासोबत वाचकांना दिला. तुमच्या कपाटाच्या दारावर कोणता नकाशा आहे ते ठाऊक नाही, पण त्या जातीच्या नकाशांमागे असे काम असते.

दुसऱ्या महिन्यापासून मला छोटे स्थाननकाशे मिळू लागले, म्हणजे लेखातील प्रदेश खंडात कुठे आहे हे दाखवणारे पेटीएवढे नकाशे. ते सोपे वाटतात, पण त्यांतच हात घडतो. आधी लेखाचा संपादक, चित्रसंपादक आणि नकाशाकार एकत्र बसून या नकाशाने वाचकाच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे ते ठरवतात. मग हाताने कच्चा आराखडा, मग प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत), मग पायाभूत माहिती, आणि त्यानंतर सामान्यीकरण, म्हणजे प्रमाणाला झेपेल असा तपशील गाळणे, रुंदावणे किंवा सरकवणे, येते. हा शब्द आपण पुस्तकात वाचतो, पण त्याचा अर्थ कागदावरच कळतो. समजा, ठाणे जिल्हा एकास दहा लाख या प्रमाणात काढायचा आहे. या प्रमाणात ऐरोलीजवळची खाडी जेमतेम एक मिलिमीटर भरते. दोन्ही काठांच्या रेषा पाव-पाव मिलिमीटर जाडीच्या घेतल्या, तर अर्धी खाडी शाईनेच बुजून जाते. म्हणून ती जाणूनबुजून थोडी रुंद काढावी लागते, आणि खाडी रुंद झाली की काठावरची गावे, पूल आणि रेल्वेमार्ग थोडे थोडे मागे सरकवावे लागतात. कोणी किती सरकायचे आणि कोणी जागा सोडायची नाही, हे संगणक ठरवू शकत नाही. मला या एका गोष्टीवर तीन वेळा नकाशा परत मिळाला होता.

छपाईविषयी एकच गोष्ट आत्ताच शिकून घ्या. पडद्यावर दिसणारा रंग चार शायांच्या ठिपक्यांनी कागदावर उतरतो, आणि यंत्रात कागद केसभर जरी हलला तरी चारही ठसे एकमेकांवर नेमके बसत नाहीत. मोठ्या रंगीत क्षेत्रात ते कळत नाही, पण दोन-तीन शायांत काढलेले बारीक अक्षर लगेच धूसर होते. म्हणून बारीक नावे शक्यतो एकाच शाईत ठेवतात. पडद्यावर नकाशा सुंदर करून नेणारा प्रत्येक नवा उमेदवार येथे ठेचकाळतो.

आता तुमच्या बाबांच्या प्रश्नाविषयी. फोनवरचा नकाशा आपल्याला मी कुठे आहे आणि तिकडे कसा जाऊ, या दोन प्रश्नांची उत्तरे देतो, आणि ती फार चांगली देतो. मासिकातील वाचक कुठेही निघालेला नसतो. त्याला एखादी गोष्ट जिथे घडते तिथेच का घडते, हे पाहायचे असते. ठाणे खाडीचेच घ्या. फोनवर ती एक सपाट निळी पट्टी आहे. पण ओहोटीला तिच्या दोन्ही बाजूंना चिखलाचे जे रुंद पट्टे उघडे पडतात, तिथेच रोहित पक्षी चरतात, आणि भरतीला तेच पक्षी दुसरीकडे विसाव्याला जातात. २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेले आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेले हे क्षेत्र समजून घ्यायचे, तर भरतीची रेषा, ओहोटीची रेषा, चिखल, खारफुटी, विसाव्याच्या पाणथळ जागा आणि भोवतालची वस्ती हे सगळे एका नजरेत दिसले पाहिजे. कागदाला झूम नसतो. एकाच आकारात, एकाच वेळी सगळे वाचता आले पाहिजे, आणि त्यासाठी कोणीतरी बसून निवड करावी लागते.

जगाच्या नकाशाचे प्रक्षेपणही अशीच एक निवड आहे. नॅशनल जिओग्राफिकने १९२२ पासून व्हॅन डर ग्रिंटन, १९८८ पासून रॉबिन्सन आणि १९९८ पासून विंकेल ट्रिपेल असे बदल विचारपूर्वक केले. त्यांतले कोणतेही पूर्ण निर्दोष नाही आणि कोणत्या दोषाला किती जागा द्यायची, हे माणसेच ठरवतात.

सीमारेषांविषयी जाण्यापूर्वी मनाची तयारी करा. भारताच्या बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी विसंगत दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे, तर परदेशी प्रकाशने वादग्रस्त सीमा आपापल्या धोरणानुसार तुटक रेषेने दाखवतात. त्या टेबलावर बसल्यावर तुम्हाला तुमचे मत विचारले जाईलच असे नाही, परंतु तुमच्यासमोर ती रेषा येईल. माझ्यासमोर आली होती. मी वरिष्ठांना माझी अडचण स्पष्ट सांगितली आणि त्यांनी तो नकाशा दुसऱ्याकडे दिला. आधीच बोलून ठेवलेले बरे.

महापे_शिळफाटा

मी चौदा वर्षे या क्षेत्रातल्या कंपन्यांत काम करत आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. मासिकांचे नकाशा विभाग लहान असतात, आणि उमेदवारी संपल्यावर तिथेच जागा मिळेल असे धरून चालता येत नाही. उलट पालिकांचे मालमत्ता कर सर्वेक्षण, जलवाहिन्या, गॅसवाहिन्या, वीजवितरण, दूरसंचार या सगळ्यांना आज नकाशाची माणसे हवी आहेत, आणि २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीविषयीचे नियम शिथिल झाल्यानंतर खासगी कंपन्यांना हे काम करणे पुष्कळ सुकर झाले आहे. अंकीकरणाच्या कामाला कमी लेखू नये. सर्वेक्षणातील चूक आणि प्रत्यक्ष जमिनीवरील बदल यांतला फरक ओळखण्याची नजर मला त्याच कामाने दिली. डोक्यावर कर्ज असताना दोन वर्षे पगार घेऊन मग बाहेर जाण्यात कमीपणा नाही.

तरीही एक करून पाहा. कंपनीला निवडपत्राची प्रत दाखवून सहा महिन्यांनी रुजू होऊ द्याल का, असे लेखी विचारा. आमच्याकडे असे अर्ज येतात आणि मुलगी कामाची असेल तर साहेब थांबतात.

जुना आरेखक (बेलापूर)

मुली, तू माझ्या नातीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहितो.

मी नगररचनेच्या कार्यालयात आरेखक म्हणून तेहतीस वर्षे नोकरी केली. नवी मुंबई कागदावर असल्यापासून मी तिचे नकाशे काढत आलो. ट्रेसिंग क्लॉथवर रोटरिंग पेनने शाई भरायची, चुकले तर ब्लेडने हलकेच खरवडून त्या जागेवर नखाने घोटायचे, आणि मग अमोनिया प्रिंट काढायच्या, अशी आमची पद्धत होती. प्रिंटच्या खोलीत डोळ्यांची आग होत असे.

तुला आज वाटेल की ते सगळे इतिहासजमा झाले. एक गोष्ट मात्र झालेली नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजारच्या नकाशापत्रकांत ७३ अंश पूर्व रेखांशावर एक पत्रक संपते आणि दुसरे सुरू होते. पश्चिमेकडचे ४७ ए/१६, पूर्वेकडचे ४७ ई/४. ठाणे शहर पहिल्यात, तुर्भे आणि नेरुळ दुसऱ्यात, आणि वाशी-ऐरोली अगदी शिवेवर. म्हणजे हे शहर जन्मापासून दोन कागदांवर विभागलेले आहे. पावसाळ्यात कागद ओलावा धरतो आणि दोन पत्रके सारखी फुगत नाहीत. दोन्ही जोडून ठेवली की पारसिकच्या डोंगराच्या समोच्च रेषा एकमेकींना भेटत नसत. आमचे मुख्य आरेखक सांगत की जोडावर रेष ओढूनताणून जुळवायची नाही, दोन्हींकडच्या तीन-तीन खुणा मोजायच्या आणि कोणता कागद खोटे बोलतो ते आधी शोधायचे. तुमच्या संगणकात कागद फुगत नाही, पण दोन ठिकाणांहून आणलेली माहिती शिवेवर जुळत नाही, हे तर आजही होते ना? तेव्हा तिथे गेल्यावर रेष ओढून जुळवू नकोस.

दुसरी गोष्ट नावांची. नेरुळकरांनी नावांच्या तक्त्याचे लिहिले ते वाचून मला फार बरे वाटले. आपल्याकडे एक कोपरी ठाणे पूर्वेला आहे आणि एक कोपरी गाव वाशीत. एक दिवा जंक्शन आहे आणि एक दिवा कोळीवाडा ऐरोलीत. यादीत बघून नाव टाकणारा माणूस येथे हमखास फसतो. आणि जिथे नाव एकच आहे, तिथेही ते टिकवावे लागते. सेक्टरांना क्रमांक पडले, तेव्हा नकाशावर क्रमांक मोठे झाले आणि गावठाणांची नावे बारीक होत गेली. १९८० च्या दशकात एका पत्रकावर जागा पुरत नाही म्हणून करावे आणि दारावे या दोन गावांची नावे मीच गाळली होती. नियोजनाच्या दृष्टीने ती गाळून काही अडत नव्हते. पुढे काही दिवसांनी करावे गावातले एक वृद्ध गृहस्थ कामासाठी कार्यालयात आले, भिंतीवरच्या त्या प्रिंटसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "साहेब, आमचं गाव कुठं गेलं?" मी मूळ ट्रेसिंग काढून त्यांच्यासमोर दोन्ही नावे शाईने लिहिली. पुढे मी जागा नाही म्हणून गावाचे नाव कधी गाळले नाही. अक्षर बारीक केले, नाव बाजूला नेऊन रेघेने जोडले, पण लिहिले.

जाण्यापूर्वी एक दिवस भूमि अभिलेख कार्यालयात जाऊन एखाद्या गावाचा जुना गावनकाशा पाहून घे. तेहतीस फुटांच्या साखळीने मोजलेली ती शेते आहेत, तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा. बांधाबांधाने चालून केलेला नकाशा कसा दिसतो, हे डोळ्यांत ठेवून तिकडे जा.

शिरोरेषा

मी मराठी नियतकालिके आणि दिवाळी अंक यांच्यासाठी मांडणीचे काम करते आणि त्यात अधूनमधून नकाशेही येतात. वरील प्रतिसादांत अक्षरांचा विषय थोडा राहून गेला आहे, म्हणून तेवढेच लिहिते.

मासिकाच्या नकाशाचा चेहरा त्याच्या अक्षरांनी ठरतो. नॅशनल जिओग्राफिकचे पहिले मुख्य नकाशाकार अल्बर्ट बमस्टेड यांच्या कारकिर्दीत, १९३० च्या दशकात, चार्ल्स रिडिफर्ड यांनी खास नकाशांसाठी अक्षरवळणे तयार केली आणि त्यांच्यामुळे तो नकाशा लांबूनही ओळखू येऊ लागला. रोमन लिपीत काही संकेत पक्के आहेत. नदी, समुद्र, सरोवर यांची नावे तिरप्या वळणात असतात. पर्वतरांग किंवा मोठा प्रदेश दाखवायचा असेल, तर अक्षरांत अंतर सोडून नाव त्या प्रदेशाच्या लांबीभर पसरतात. शहराचे नाव शक्यतो बिंदूच्या उजवीकडे किंचित वर ठेवतात, आणि स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी याची कारणे फार बारकाईने मांडली आहेत.

आता यातले एकेक देवनागरीत करून पाहा. 'सह्याद्री' ही अक्षरे पसरायला गेले की शिरोरेषा तुटते आणि डोळा तो एक शब्द म्हणून वाचत नाही, तीन सुटी अक्षरे वाचतो, त्यातही 'ह्या' आणि 'द्री' यांचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. संगणकाने शिरोरेषा लांबवली तर कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी दिसते. मी अनेक प्रयोगांनंतर असे करू लागले आहे की शब्द अखंड ठेवायचा, त्याचा आकार थोडा मोठा पण रंग फिका घ्यायचा, आणि डोंगराच्या वळणानुसार त्याला हलका बाक द्यायचा. लांब रांग असेल तर तेच नाव दोनदा लिहायचे. नद्यांसाठी यांत्रिकपणे तिरपे केलेले देवनागरी अक्षर मला वाचायला त्रासदायक वाटते, म्हणून मी सरळ अक्षरच निळ्या शाईत ठेवते. शिवाय आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार असतो. 'तुर्भे' या लहानशा नावाला रोमनपेक्षा किती उभी जागा लागते, ते बाजूबाजूला ठेवून पाहा. रेल्वेची रेघ वरून गेली की नेमकी रफारावर बसते.

खारफुटी, तुमच्या तयारीसाठी माझी सूचना अशी आहे की ठाणे खाडीचा एकच नकाशा रोमन आणि देवनागरी अशा दोन लिप्यांत, छपाईच्या आकारात, पूर्ण करून न्या. तिथल्या लोकांनी आपल्या लिपीतील नकाशाची अडचण बहुधा कधी हाताळलेली नसेल. सहा महिन्यांत ते तुम्हाला पुष्कळ शिकवतील, पण हे तुम्ही त्यांना दाखवू शकाल. आणि उच्चाराची बाब वेगळीच. ठाण्याचे इंग्रजीत कित्येक वर्षे 'थाना' होते. अशा नावांमागचा खरा उच्चार तुमच्या कानात आहे.

खारफुटी (कळवा)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण त्या दरम्यान काही गोष्टी करून पाहिल्या.

महापे_शिळफाटा यांच्या सूचनेप्रमाणे कंपनीला लेखी विनंती केली. त्यांनी मार्चपर्यंत थांबण्याची तयारी तोंडी दर्शवली आहे आणि लेखी उत्तर सोमवारी येईल. ते आले नाही तरी मी जायचे ठरवले आहे. बाबांना नेरुळकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळी स्वतःहून माझ्याबरोबर कळव्याच्या पुलावर आले आणि चिखल कुठपर्यंत उघडा पडतो ते बघत उभे राहिले.

तिथे उभे असताना माझ्या प्रबंधातील एक त्रुटी माझ्या लक्षात आली. मी वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रहप्रतिमा एकाच ऋतूतल्या घेतल्या होत्या, परंतु प्रतिमा टिपली त्या क्षणी भरती होती की ओहोटी, हे प्रत्येक प्रतिमेसाठी तपासले नव्हते. उपग्रह दर वेळी सकाळी ठरलेल्या वेळेच्या आसपास येतो, पण भरतीची वेळ रोज पुढे सरकते. त्यामुळे दोन वर्षांच्या प्रतिमांत खारफुटीच्या कडेला जो फरक मी 'वाढ' म्हणून रंगवला, त्यातला काही भाग पाण्याखाली गेलेल्या किंवा उघड्या पडलेल्या रोपांचा असू शकतो. जुनी भरती-ओहोटीची कोष्टके मिळवून प्रत्येक प्रतिमेची वेळ ताडून पाहायला कालपासून सुरुवात केली आहे. नेरुळकर, अर्जासोबत पाठवलेल्या तीनपैकी एका नकाशात हीच माहिती आहे. त्यांना ते कळवावे का?

नेरुळकर

अवश्य कळवा, आणि तपासणी पूर्ण होण्याची वाट न पाहता कळवा. कोणती प्रतिमा, कोणती तारीख, भरतीची पातळी किती आणि त्यामुळे नकाशातील कोणता भाग संशयास्पद ठरतो, एवढे चार ओळींत लिहा. सुधारित नकाशा केव्हा पाठवाल तेही लिहा. माझ्या वेळी प्रत्येक नकाशाच्या फाइलमध्ये छापून झाल्यानंतर सापडलेल्या चुकांचे एक वेगळे पान असे, आणि नव्या उमेदवाराला आधी तेच वाचायला देत.

जुना आरेखक (बेलापूर)

खाडीचा नकाशा झाला की कागदावर काढून मला दाखव. पडद्यावर नको, माझ्या डोळ्यांना सोसत नाही. एकास पंचवीस हजार प्रमाण घे, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, मला पट्टीने मोजता येईल. दिवा कोळीवाड्यात माझ्या ओळखीचे एक नाखवा आहेत. खाडीतल्या चिखलाच्या पट्ट्यांना आणि आत शिरणाऱ्या लहान ओहळांना त्यांच्याकडे वेगवेगळी नावे आहेत, ती कुठल्याच पत्रकावर नाहीत. येत्या रविवारी पहाटे ते होडी घेऊन निघतील तेव्हा तुला आणि तुझ्या बाबांना बरोबर घ्यायला तयार आहेत. वही आणि पेन्सिल आण, पेनाची शाई खाऱ्या पाण्याने पसरते.

खारफुटी (कळवा)

काका, आम्ही दोघेही येतो. शिरोरेषा ताई, ती नावे आधी देवनागरीतच लिहून घेईन.